नव्वद दिवसांचा संसार

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

आज जेवायला नुसता डाळभात! मी ताटाकडे बघत राहिलो. शरफुन्निसा म्हणाली, "कंटाळा आला मला आज. जेवायचं तर जेवा."

इतका आनंद झाला की दोनदा भात घेतला. अठ्ठावीस वर्षं मी दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टीवर घरी म्हसळ्याला जातोय – रोज सुरमई, रोज कोंबडी. कंटाळलेली बायको कधी बघितलीच नव्हती! यंदा उलटं झालं. ती पहिल्यांदा इकडे सौदीत आली, रास तनुराला. कंपनीच्या कॅम्पात बायकांना राहू देत नाहीत, म्हणून मी बाहेर खोली घेतली. तिच्या व्हिसाच्या नव्वद दिवसांतले सहा उरले.

शनिवार, ९ नोव्हेंबर

ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून बोलणी खाल्ली. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि टॉवेलवरून भांडण पहिलंच.

रविवार, १० नोव्हेंबर

ऑफिसातल्या विजयकुमारने कराराचा कागद पुढे केला. "जमालभाई, बुधवार तक बोल देना. दो साल और, या फायनल एक्झिट?"

फायनल एक्झिट म्हणजे नोकरी सोडून कायमचं घरी. साठीला आलो. स्टोअरमध्ये तांदळाची पोती मोजताना गुडघे करकरतात. मला घरी जायचंय, खरं ते हेच. पण तिने एकदा तरी "या आता" म्हणावं की! संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. बस्स, एवढंच.

मीही काही कमी नाही. बोलावणं मागून घेणार नाही!

मंगळवार, १२ नोव्हेंबर

संध्याकाळी समुद्रावर बसलो होतो. हवा छान होती. बोलता बोलता म्हणाली, "माझं पित्ताशय काढलं त्या सालातली गोष्ट..."

"कधी काढलं?"

"झाली की आठ वर्षं."

मी त्या वर्षी घरी गेलो होतो! साठ दिवस खाऊनपिऊन आलो. पोरीनेसुद्धा, निदाने, तोंडातून शब्द काढला नाही. विचारलं, का नाही सांगितलंस? तर हसून म्हणाली, "दोन महिन्यांसाठी आलेल्या पावन्याला कोण रडगाणं ऐकवतं, अवो?"

पावना. मी! जे घर मी बांधलं त्या घरात. राग आला आणि मग वाईटही फार वाटलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सकाळी शेवटी मीच विचारलं. ती बॅग भरत होती, निदाच्या मुलांसाठी खजूर, चॉकलेटं. म्हटलं, "मी कायमचा आलो तर चालेल का तुला?"

वर न बघता म्हणाली, "घर तुमचं हाय. मला काय विचारता?"

झालं! असं कोण बोलतं नवऱ्याला? एक शब्द गोड नाही. डोकं सणकलं. तसाच ऑफिसात गेलो आणि दोन वर्षांच्या कागदावर सही ठोकली. विजयकुमार म्हणाला, "सोच लिया ना, भाई?" मी म्हटलं, "खलास."

तिला सांगितलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

दम्माम विमानतळ. वाटेत मधेच तिने गिझर बंद करायची आठवण करून दिली. आत जाताना विचारलं, "कागदाचं काय केलंत?"

"बघतो अजून," म्हटलं. साफ खोटं! जीभ कशी वळली कोण जाणे.

"बघा," म्हणाली. रडली नाही. रोज फोन करा, म्हणाली, आणि औषधं वेळेवर घ्या. मग त्या काचेच्या दारातून आत गेली.

खोलीत आलो तर डाळभात झाकून ठेवलेला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज कॅम्पात परत जायचं. सकाळी तिचा आवाजातला मेसेज आला. चार वेळा ऐकला.

"पोचले सुखरूप. ऐका, कपाटातले दोन खण रिकामे केले तुमच्यासाठी. इतकी वर्षं सुट्टीवर येता नि सगळे कपडे बॅगेतच ठेवता, पलंगाखाली. आता तसं नाय चालायचं."

या अल्ला! सही केली हे हिला कुठल्या तोंडाने सांगू?