राखणदार आणि अकरा टक्के डिव्हिडंड

३ मार्च
डोंगरावरची काजूची बाग विकली. सोलरवाल्या कंपनीने घेतली. रक्कम खात्यात जमा. संकल्प: या पैशातून फक्त एनर्जी शेअर, तेही दरवर्षी डिव्हिडंड देणारे. मुद्दल मरेपर्यंत मोडायचं नाही. तहसील कचेरीत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला ताळेबंद काय जड!

किशोरीचं एकच टुमणं. "जमीन तुमी विकलात, राखणदाराक कोणी सांगल्यान? तो आता खंय जातलो?"

बायकोला शांतपणे समजावलं. खरेदीखताने सगळ्या जबाबदाऱ्या खरेदीदाराकडे जातात. घुंगरांची काठी घेऊन जागा राखणारा तो अदृश्य म्हातारासुद्धा. वर्षाला एक कोंबडा आणि नारळ ही त्याची राखण. ती आता कंपनीने द्यावी.

६ मार्च, तिन्हीसांजा
घरामागे काठी वाजते. टक, टक, मग घुंगरू. झावळ असणार. वारा नाही, पण झावळ हलायला वाराच लागतो असं थोडंच आहे.

११ मार्च
अभ्यास पूर्ण. तीन कंपन्या उरल्या: कोळसावाली, गॅसवाली, वीज वाहून नेणारी. गॅसवालीचं यील्ड, म्हणजे भावाच्या मानाने डिव्हिडंड, अकरा टक्के! भाव निम्म्यावर आला म्हणून ते अकरा दिसतं, असं कुठेसं वाचलं. लिहिणाऱ्याला पोटदुखी.

संध्याकाळी पडवीत तिन्ही नावं मोठ्याने वाचली. मागे काठी वाजतच होती, गॅसवालीच्या नावाला थांबली. आपण कौलबिल मानत नाही. उद्या सव्वानऊला बाजार उघडताच गॅसवाली घेणार.

१२ मार्च
घेतले. निम्मी रक्कम घातली. उद्यापासून घेणाऱ्याला डिव्हिडंड नाही, आपण वेळेत.

किशोरीला म्हटलं, काठी आपल्याच बाजूची आहे. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "म्हणजे तुमका पण ऐकाक येता." मी विषय बदलला.

१३ मार्च
शेअरमागे सहा रुपये डिव्हिडंड. शेअर तेरा रुपयांनी पडला. लाँग टर्ममध्ये सात रुपयांचा निव्वळ तोटा म्हणजे काहीच नाही. जेवण गेलं नाही. उकाडा फार.

१७ मार्च
किशोरी माहेरी गेली, आरोंद्याला. "राखण दिल्याशिवाय मी येवचंय नाय." अठ्ठावीस वर्षं नारळ आणि कोंबडा घेऊन तीच डोंगर चढायची. मला नेमकं त्याच दिवशी कचेरीत काम असायचं. जाताना तिने वळून बघितलं नाही. वाईट वाटलं.

काठी आज मागून पुढच्या दारी आली. टीव्ही मोठा केला. शेअर आणखी चार रुपये खाली.

२० मार्च
फक्त किशोरीच्या समाधानासाठी कोंबडा बगलेत मारून, नारळ पिशवीत घालून डोंगर चढलो. राखणदाराचा दगड होता तिथे आता तारेचं कुंपण आणि पॅनलच पॅनल. गेटवर आमच्या मसुरे गावातलाच लवू, वॉचमन. म्हणाला, "काका, आत सोडूक हुकूम नाय. हयसर राखणेक आता मी आसंय." हातात काठी.

विचार केला. कागदोपत्री सध्याचा राखणदार हाच. कोंबडा आणि नारळ त्यालाच दिला. त्याने मनापासून हात जोडले आणि घरी मसाला वाटायला फोन केला. काम नियमानुसार पूर्ण.

२१ मार्च
काठी बंद. दिवसभर एकदाही नाही. जिंकलो. किशोरीला फोन करून कळवलं, आता ये.

ती म्हणाली, "तो हंय इलो. कालपासून मागल्या दारी काठी वाजता. माझ्या हातचो नारळ घेतल्यान. माका आता बरी झोप लागता."

विचारलं, मग येतेस कधी?

"तेका सोडून खंय येव?" म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गॅसवाली आज एक रुपयाने वाढली हे सांगायचं होतं. तिने फोन ठेवलेला होता.

पडवीत बसून कान देऊन ऐकलं. घराभोवती कुणीही नाही. इतके दिवस भीती वाटत नव्हती, आता वाटते आहे. दिवस मावळायच्या आधीच दाराला कडी घातली.