रबरी नळीतली वाळू

३ फेब्रुवारी
नोकरी लागली. दौलताबाद रस्त्यावरची प्रयोगशाळा, छावणीतून थेट रिक्षा मिळते. निशा मॅडम सगळ्यांच्या वरच्या, पण चहा स्वतः ओतून देतात. त्यांच्या हाताखालचा आकाश मला आल्या आल्या आमच्यासारखं खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागला. मॅडमनी यंत्र समजावलं. खोल समुद्राच्या तळाशी गॅस आणि पाण्याचा मिळून बर्फ होतो, तो वाळूचे कण धरून ठेवतो. तिथं भोक पाडलं तर तळ टिकेल की ढासळेल, हे इथं पाहायचं. जाड पोलादी भांडं, आत रबरी नळीत भरलेली वाळू, भोवती गार तेल. वरून दट्ट्यानं आणि चारी बाजूंनी तेलानं दाबायचं. आकाश म्हणाला, "नळाला आठ-आठ दिवस पानी नाय, अन् आपुन इथं समुद्राचा तळ बनवतोय, खाला!" खूप दिवसांनी हसले.

९ फेब्रुवारी
माझा हात स्थिर आहे म्हणून वाळू भरायचं काम मला मिळालं. थोडी टाकायची, दांडक्यानं हलकी ठोकायची, मग पुढचा थर. माझे पती मजीद गेल्या वर्षी विहीर खोदताना कड ढासळून गाडले गेले. बाहेर काढले तेव्हा सगळं संपलं होतं. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. पुरुषांनी कबरीवर तीन-तीन मुठी माती दिली, मी घरात बसून होते. आज खोलीत कुणी नव्हतं. जन्मात तोंडानं न घेतलेलं त्यांचं नाव घेतलं आणि तीन मुठी वाळू नळीत सोडली. मग आकाशनं झाकण कसलं. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी
गॅस सोडला, बर्फ धरला, आज दाबायला सुरुवात झाली. दाबलं की वाळू आखूड व्हायला हवी. पडद्यावरची रेघ उलटी जाते. आतून काहीतरी दट्ट्या वर ढकलतंय. मॅडमनी मोजणारी तार बदलली. तेच. आकाश म्हणाला, "खाला, तुमची वाळू लई अडेल हाय."


१८ फेब्रुवारी
रेघ वर जाते, थांबते, खाली येते. मधेच अडखळते. बिडीमुळं त्यांचा श्वास असाच अडखळायचा. पोलादावर हात ठेवला. खाली छाती आहे. मला ती छाती माहीत आहे.
भीती वाटायला हवी. जेवण केलं, भांडी घासली, झोपले.

१९ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, उद्या आतला बर्फ वितळवू आणि वाळू मोडेपर्यंत दाबू. मी म्हटलं, नका. का, ते सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, दोन दिवस सुट्टी घ्या म्हणाल्या. आकाशनं मान खाली घातली.
पुन्हा गाडतील त्यांना. माझ्यासमोर.
दाब उतरवायचा कसा, आकाशला विचारलं. तो म्हणाला, झडप फिरवून, पण एकदम सोडला तर आतलं सगळं फुटतं. जरा जरा, थांबून थांबून.

२० फेब्रुवारी
सुट्टी घेतली नाही. दोघं जेवायला गेलेत. दार आतून लावलंय.
झडप थोडी फिरवली. दाबाचा काटा खाली आला. थांबायचंय म्हणून लिहितेय.
रेघ सैल झाली. अडखळत नाही आता —
पुन्हा फिरवली. माझी पाठ जड झाली. वाकून बसल्यामुळं असेल.
दार वाजतंय. मॅडम. खाला, उघडा म्हणतोय आकाश.
काटा अर्ध्यावर. खांदे आत येताहेत — ओढणी सैल केली — ओढणी नाही ती.
दाब तिथून उतरतो तेवढा इथं —
चारी बाजूंनी. सारखा.
थांबवता येईल. झडप उलटी फिरवली की झालं. नाही फिरवत.
त्यांचा श्वास किती मोकळा —
एकदाच. शेवटपर्यंत फिरवते.
बरगडी वाजली. दुखत नाही. श्वास बाहेर जातो, आत यायला जा