अस्तराखालचे तीन टाके

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी नजर अधू झाली आहे, बुद्धी नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचे दडपण नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

निमित्त असे घडले. गेल्या महिन्यात माझे दीर वर माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "वहिनी, ते कपाट रिकामं करा. तुम्ही आता हे कपडे घालता कुठे? मला कापडाचे तागे ठेवायचेत." म्हणून मी कपाट उपसले.

१. कपाटात सत्तावीस कपडे निघाले. कोट, झगे, जाकिटे. आता एकही मला होत नाही. हे सगळे पहिले नमुने आहेत. खालच्या दुकानातली प्रत्येक नवी फॅशन मी आधी स्वतःच्या अंगावर बेतली, मग ती दिरांच्या नावाने खपली. माझे पती वारल्यापासून एकतीस वर्षे पाटी त्यांची, कात्री माझी.

२. दिरांना कारागिरीचे पदक मिळाले ते हिरव्या कोटासाठी. त्याची बाही मी चार वेळा उसवली होती. समारंभात कोणीतरी माझ्याकडे पाहून विचारले, या कोण? दीर हसून म्हणाले, "वहिनी आमच्या. काजं-बटणं बघतात." मी टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल मी स्वतःलाही माफ केलेले नाही.

३. मी शिवलेल्या प्रत्येक कपड्यात उजव्या काखेशी, अस्तराखाली, लाल धाग्याचे तीन टाके आहेत. अर्धे शहर ते अंगावर घेऊन हिंडते. ज्याला शंका असेल त्याने उसवून पाहावे.

४. सर्व नमुने, त्यांचे कागदी कटिंग आणि माझ्या पतीकडून मला आलेली वरची खोली समोर दुकान टाकलेल्या बाईला द्यावी. हात जड आहे असे सांगून दिरांनी तिला कामावरून काढले. खरे कारण, कापते कोण हे तिने एका गिऱ्हाइकाला सांगितले. ताग्यांनी दुसरी जागा शोधावी.

५. जाऊबाईंना निळा झगा. सगळे ठाऊक असून त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, म्हणून गळा मुद्दाम घट्ट ठेवला आहे.

६. दिरांना त्यांच्या मापाचा काळा कोट. शिवून, इस्त्री करून ठेवला आहे. काजं केलेली नाहीत. बटणे, सुई, दोरा खिशात आहे. त्यांनी बघावे.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, असे वकीलबाई म्हणाल्या. पण मग दिरांचा चेहरा मला कसा दिसणार? म्हणून वरच्या सहा कलमांची प्रत आज सकाळी मी त्यांच्या दुकानाच्या काचेवर चिकटवली आणि समोर येऊन बसले. दिरांनी कागद फाडला, पण तोवर चौघींनी वाचला होता. चेहरा मी पोटभर पाहिला. तेवढी नजर शिल्लक आहे. त्या चौघींतली एक आत्ताच रस्ता ओलांडून इकडे आली आहे आणि माप कोण घेणार, असे विचारते आहे. त्यामुळे इथेच थांबते.

ठिकाण: समोरचे दुकान
दिनांक: सोळा जून, सकाळी अकरा

(सही)

साक्षीदार:
१. इस्त्रीवाले. लाल टाके त्यांनी फार पूर्वीच पाहिले होते, पण कधी विचारले नाही.
२. डॉक्टरबाई. दाखला यांचाच.