निसटता लागलेला ब्रश

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमचा भयंकर राग आलाय. खरं सांगायचं तर स्वतःचीच किळस आलीय. काल संध्याकाळी इथे आखातात, सनद भागातल्या आमच्या घरात लेक टीव्हीवर बायकांची जागतिक कर्लिंग स्पर्धा बघत होती. बर्फावरून एक जड दगड सरकवायचा आणि दोघींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं, असा तो खेळ. मी म्हटलं, घरात केर काढताना तुझी कंबर मोडते आणि हे मात्र डोळे फाडून बघतेस. तेवढ्यात त्यातली एक थांबली. तिने हात वर केला आणि सरकता दगड स्वतःच अडवून बाजूला केला. तिचा ब्रश दगडाला निसटता लागला होता म्हणे, आणि तसा लागला की दगड बाद. "आई, नोबडी सॉ इट! व्हाय डिड शी टेल?" लेकीने विचारलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. आपल्या शाळेचा खो-खोचा जिल्ह्याचा अंतिम सामना. शेवटची मुलगी मी बाद करते, शिट्टी वाजते, मुली मला उचलून घेतायत आणि तुम्ही पदर खोचून थेट मैदानात. "फाउल आहे. हिचा पाय मधल्या पाटीवर पडला होता." हरलो आपण. पंचांनी बघितलं नव्हतं, म्हणून मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही म्हणालात, "त्यांना दिसलं नाही, पण तुला ठाऊक होतं ना? मग हात कोणी वर करायचा?" परतताना एसटीत तुम्ही डब्यातलं अर्धं घावन माझ्या हातावर ठेवलंत. मी ते तुमच्यादेखत खिडकीतून फेकलं.

आता माझे प्रताप ऐका. इथल्याच मआमीर भागातल्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. गेल्या आठवड्यात नमुन्याच्या दोन बाटल्यांची लेबलं माझ्या हातून उलटसुलट लागली आणि खराब माल पास होऊन गेला. साहेबांनी धरलं लॅबच्या हेल्परला. गुहागरकडचा, पन्नाशीचा माणूस, माझ्याहून मोठा असून मला ताई म्हणतो. त्याला झापत होते तेव्हा मी फोनमध्ये तोंड खुपसून बसले होते. बाहेर आल्यावर त्याने मला गाठलं. "ताई, मी बाटल्यांना हात पन नाय लावलेला. तुम्ही सांगा ना सायबांना." मी म्हटलं, "बोलते ना. इंशाल्ला." इथे राहून एवढं मात्र शिकले, आपल्याला करायचं नसलं की देवाला पुढे करायचं. शी! माझ्या शेजारी बसणारीला सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, "खलास, विषय संपला, त्याला गावाला काहीतरी मिळेल." तिचं तोंड बघवत नाही, आणि आरशातलं तर त्याहून नाही. त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. शुक्रवारी विमान आहे.

परवा तो दारात आला, त्याच्या आईने घातलेल्या लोणच्याची बरणी घेऊन. "बॅगेचं वजन जास्त होतंय, ताई. तुम्ही आपल्याकडच्या, तुम्हाला आवडंल." मी घेतली. वर थँक्यूसुद्धा म्हटलं.

आज बुधवार. बसले होते साहेबांना मेल लिहायला आणि लिहिलं हे. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही आता उठून मैदानात येणार नाही. हे पत्र कुठे जायचं नाही. मेलमध्ये 'सर' एवढाच शब्द आहे.

आणि बाई, तुमचं घावन मी फेकलं होतं, पण ते लोणचं नाही फेकवलं. आज दुपारी दोनदा वाढून घेतलं.