पिकअप गेली, डबी आली

३ फेब्रुवारी, मंगळवार
पिकअप गेली. सही माझीच. महिनाभर चिरंजिवांनी डोकं खाल्लं, शेवटी वैतागून केली. "बाबा, बावीस वर्षांची झाली ती. रस्त्यात बंद पडली तर काय कराल?" बावीस वर्षांत तीनदा बंद पडली, तिन्ही वेळा मी उभ्या उभ्या चालू केली. हा स्वतः नोकरी सोडून दोनदा घरी बसला, तेव्हा आम्ही याला विकलं नाही.

४ फेब्रुवारी
नवी गाडी दारात. पांढरी, चकचकीत डबी. टेप घेऊन गेलो. मागची सीट पाडून आत चार फूट सात इंच! पिकअपच्या हौद्यात आठ बाय चारचं प्लायवूड आडवं झोपायचं. सुताराने आता काय पाट आणि पोळपाटच करायचे?
मुलगा म्हणाला, "ही माणसं न्यायला आहे, बाबा."
मला कुठे जायचंय?

६ फेब्रुवारी
पट्टा लावला नाही तर कोकलते. मागे घेतली तर कोकलते. पिकअपचा दुसरा गिअर अडायचा, पण तोंड उघडत नव्हती. घरात मी आणि बायको दिवस दिवस बोलत नाही, आता गाडी बोलते.

९ फेब्रुवारी, सोमवार
आज शोभा झाली. प्लायवूड टपावर चढवलं, दोर खिडक्यांतून आरपार घेऊन करकचून आवळला. गाठ कशी, बघण्यासारखी! मग कळलं — चारही दारं बांधली गेली. बासष्टाव्या वर्षी खिडकीतून आत शिरलो. गिऱ्हाइकाच्या दारात खिडकीतूनच बाहेर. बाईंनी हसू दाबत विचारलं, "काका, हात देऊ का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी येऊन मुलाला नाही नाही ते बोललो. बापाचा धंदा बसवलास म्हणालो. बापाची लाज वाटते म्हणून केलंस, असंही म्हणालो. एरवी एकाला दोन ऐकवणारा, आज मान खाली घालून उभा राहिला. हिच्याकडे बघत होता.

१० फेब्रुवारी
मुलाशी अबोला. कामावर गेलो नाही. जाणार कशातून?

११ फेब्रुवारी
हिने चहा ठेवला आणि तिथेच थांबली. "त्याला बोलू नका. पिकअप विकायला मी सांगितलं."
का, म्हणालो.
"माझे वडील गेले तेव्हा मी मागे हौद्यात बसून माहेरी गेले. पुढच्या सीटवर तुमची काच होती."
काच मागे ठेवली की धक्क्याने तडकते. चादरीत गुंडाळून शेजारीच ठेवावी लागते.
ती काच आठवली. शोकेसची होती, वाटेत द्यायची होती. कोणत्या घरी दिली, तेही आठवलं. ही मागे बसली होती, ते आठवत नाही.