थांबा क्रमांक सात

३ जानेवारी
संकल्प : सहा महिन्यांत आपली गल्ली नकाशावर. टूरिस्टांना आता स्मारकं नको असतात, वस्तीतलं साधं जगणं हवं असतं, असं वाचलं. साधं जगणं आपल्याकडे ढिगाने पडलंय. मोबाइलवर ऐकत फिरायची ऑडिओ टूर बनवणार. बायको म्हणाली, आधी नळ गळतोय त्याचं बघा. दूरदृष्टीला घरात किंमत नसते.

११ जानेवारी
रेकॉर्डिंग. थांबा एक : शिंप्याचं मशीन. थांबा चार : वरच्या मजल्यावरच्या व्हायोलिनच्या बाई, शिष्यांवर ओरडताना. थांबा सात : आमची खिडकी. बायको काही बोलायला तयार नाही. शेवटी चोरून घेतलं, "अहो, दूध बघा, उतू चाललंय." खरंच उतू गेलं. कलेसाठी अर्धा लिटर.

२० मार्च
चौदा टूरिस्ट. शिंप्याचे फोटोच फोटो. तो कुरकुरला की एकानेही साधं बटण लावून घेतलं नाही. काहींना कौतुक पचत नाही.

१४ मे
घरमालकाने शिंप्याला काढलं. दुकानात आता टूरिस्टांसाठी खोली. भाडं दुप्पट झालं म्हणून व्हायोलिनच्या बाईही गेल्या. तात्पुरतं आहे. टूरचं काही अडत नाही, आवाज आहेतच.

२ जून, संध्या. ५
शिंप्याच्या दुकानातून मशीनचा आवाज. पाहिलं तर पायरीवर एक टूरिस्ट, हातात मोबाइल. तरी घरी येईपर्यंत मागे वळलो नाही.

१९ जून
बायको लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, दारात उभं राहून दोन शब्द बोलावं असं एक माणूस ठेवलं नाहीत तुम्ही. पंधरा दिवसांत येईल. स्वेटरही नेलाय. पहिल्यापासून तिची तयारी जरा जास्तच.

८ जुलै, संध्या. ५.१०
"अहो, दूध बघा." धावलो. गॅस बंद, पातेलं पालथं. ती गेल्यापासून मी कोराच चहा पितो. आवाज खिडकीखालून येत होता. टूर. उद्यापासून लक्षच द्यायचं नाही.

९ जुलै
धावलो.

१० जुलै
धावलो. घर खायला उठतं.

२ ऑगस्ट
टूरला पाच स्टार. एकाने लिहिलंय, गल्लीत राहणारं कुणी दिसलं नाही, सगळे आमच्यासारखेच पाहुणे. पण थांबा सात चुकवू नका. खिडकीतल्या बाईंचा आवाज लावला की एक म्हातारा आतून "आलो, आलो" म्हणत येतो. अगदी खरा वाटतो.
बायकोला फोन करून वाचून दाखवलं. तिने विचारलं, नळ झाला का. म्हटलं, उद्या.

३ ऑगस्ट, संध्या. ४.५०
अर्धा लिटर दूध आणलं. गॅसवर ठेवलंय. टूरिस्ट येतीलच इतक्यात.