मी न म्हटलेलं आमेन

देगलूर, रविवार, संध्याकाळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि यांना तिथल्या कचेरीत नेलं, त्याला दोन वर्षं होत आली. बदलीसाठी रोज प्रार्थना करते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई दाराकडं बघत विचारतात, "लेक आला का गं माझा?" काय सांगू?

महिना झाला, प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणणंच सोडलंय. रागानं. देव ऐकतच नसेल, तर 'तसंच होवो' म्हणायचं तरी कुणाला? चर्चमध्येही नुसते ओठ हलवते.

पाण्याच्या टँकरला हल्ली रोजच तास तास रांग. आजही घागर धरून उभी होते. रोजच्यासारखं डोळे मिटून पुटपुटले, "बापा, त्यांना घरी आण." तेवढंच. आमेन नाहीच. तर मागून शेजारच्या रबिया चाची म्हणाल्या, "आमीन!"

मी चमकून वळले.

"दुआ अशी अर्धी नको सोडू, बेटी," त्या म्हणाल्या. "महिना झाला, ऐकून राहिले मी. तू म्हणंना, म्हणून मीच म्हणते रोज, मनातल्या मनात. आज तोंडातून निघालं."

रोज!

बदलीचं अजून काहीच नाही. पण मी इतकी रुसले, तरी माझी एकही प्रार्थना अर्धी राहिली नव्हती.